गोल्फच्या सरावात मन कसं लावायचं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्विंगबद्दल काही अडलं की मंडळी थेट कोचला गाठतात. मनाचे प्रश्न मात्र सराव संपल्यावर, चहा घेताना, आवाज जरा खाली आणून विचारले जातात. लक्ष का उडतं, एवढी चिडचिड का होते, रेंजवरचा (सरावाच्या मैदानावरचा) खेळ कोर्सवर कुठे जातो. असे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरांमागे माझं एक ठाम मत आहे, ते आधीच सांगतो. सरावात मन लागत नाही याचं कारण बहुतेक वेळा सरावाच्या मांडणीत असतं. मांडणी बदलली की मनाला ओढून आणावं लागत नाही.

सुरुवातीचे काही चेंडू छान लागतात, मग लक्ष उडतं. असं का होतं?

कारण तोवर मनाला करण्यासारखं काही उरलेलं नसतं. सात नंबरचं आयर्न घेतलं, समोरच्या दीडशे यार्डांच्या पाटीकडे मारलं, की पुन्हा तेच. मॅट तीच, क्लब तोच, पाटी तीच. अंतर ठरवायचं नाही, वारा बघायचा नाही, चेंडू कुठे पडला यावर पुढचं काहीही अवलंबून नाही. चुकला तर दुसरा पायाशी तयार आहेच. ठरवायचं काही नसलं की मन दुसरीकडे निघून जातं आणि हात आपले चालू राहतात.

कोर्सवर असं होत नाही. टीवर, म्हणजे होलच्या सुरुवातीला, लांब मारायचा ड्रायव्हर, मग पाच नंबरचं आयर्न, मग बंकरमधून (वाळूच्या खड्ड्यातून) वेज, मग होलजवळ पटर. बॅगेत नियमाप्रमाणे जास्तीत जास्त 14 क्लब असतात, आणि लागोपाठ दोन शॉट अगदी सारखे येणं विरळाच. प्रत्येक वेळी थांबून विचार करावाच लागतो, म्हणून कोर्सवर कंटाळा आल्याची तक्रार फारशी ऐकू येत नाही.

तेव्हा लक्ष उडालं की स्वतःला दटावू नका. फक्त विचारा, या चेंडूआधी मी नेमकं काय ठरवलं होतं? उत्तर ‘काहीच नाही’ असं आलं, तर कारण सापडलं.

दोन तास सलग एकाग्र राहायची सवय कशी लावायची?

लावू नका. गोल्फला तसली एकाग्रता लागतच नाही.

हिशेब करून बघा. 18 होलची फेरी चार तासांच्या पुढे जाते, पण क्लब मागे जाऊन चेंडूला लागेपर्यंत लागतो एक-सव्वा सेकंद. तुम्ही फेरीत 90 शॉट खेळलात आणि प्रत्येकाच्या तयारीला अर्धा मिनिट धरलं, तर सगळी मिळून पाऊण तासाची एकाग्रता झाली. तीही तुकड्या-तुकड्यांत. 2019 पासून लागू असलेल्या नियमांतही आपली पाळी आल्यावर 40 सेकंदांच्या आत शॉट खेळावा अशी शिफारस आहे. बाकीचा वेळ चालण्यात, पाणी पिण्यात, कॅडीशी बोलण्यात जातो.

म्हणजे कमवायचं कौशल्य आहे ते लक्ष हवं तेव्हा आणण्याचं आणि काम झालं की सोडून देण्याचं. चार तास मुठी आवळून खेळणारा माणूस चौदाव्या होलला थकतो आणि मग साधे निर्णय चुकतात. सरावातही दोन चेंडूंच्या मध्ये मन मोकळं सोडा. आकाशाकडे बघा, शेजाऱ्याशी एखादं वाक्य बोला. मात्र चेंडूमागे उभं राहिलात की पूर्ण तिथे.

स्वीडनच्या पिया निल्सन आणि अमेरिकेच्या लिन मॅरियट या कोच जोडीने यासाठी एक सुंदर पद्धत रुजवली आहे. चेंडूच्या मागे एक काल्पनिक रेघ धरायची. रेघेच्या मागे उभं राहून सगळा विचार करायचा: अंतर, वारा, क्लब, शॉटचा आकार. रेघ ओलांडली की विचार बंद, फक्त खेळायचं. निल्सन यांच्या तालमीत घडलेल्या अनिका सोरेनस्टामने 2001 मध्ये एलपीजीएच्या (महिलांच्या व्यावसायिक गोल्फच्या) स्पर्धेत 59 ची फेरी खेळली, म्हणजे 18 होल फक्त 59 शॉटमध्ये. रेंजवर ही रेघ खरीखुरी आखता येते. मॅटच्या मागे अलाइनमेंट स्टिक (दिशा जुळवायची काठी) आडवी टाकून ठेवा आणि प्रत्येक वेळी ती ओलांडून आत या. स्टिक ओलांडल्यावर मनात शंका आली तर परत मागे या. तेवढं परत येणं हाच मनाचा सराव आहे, आणि तो बहुतेक जण टाळतात.

शॉटआधीचं रुटीन म्हणजे नेमकं काय करायचं?

ते लांबलचक असायची गरज नाही. चेंडूच्या मागे उभे राहा. लांबचं लक्ष्य ठरवा आणि ते जितकं बारीक ठरवता येईल तितकं ठरवा. ‘त्या झाडांकडे’ असं नको, डावीकडून दुसऱ्या झाडाचं खोड म्हणा. मग त्या रेषेवर चेंडूच्या फूट-दीड फूट पुढे एखादी खूण शोधा, पान, मातीचा ठिपका, जुना डिव्हॉट (क्लबने उखडलेल्या गवताचा खड्डा). एक रंगीत तालीम, हलकी. आत येऊन क्लबचं तोंड त्या खुणेवर बसवा, पाय जुळवा, एकदा लक्ष्याकडे बघा आणि मारा. शेवटची नजर आणि स्विंगची सुरुवात यांत फट ठेवू नका. शंका शिरते ती त्या फटीतच.

दिग्गज गोल्फपटू जॅक निकलॉस यांची सवय प्रसिद्ध आहे. सरावातसुद्धा शॉटचं स्वच्छ चित्र मनात उभं राहिल्याशिवाय ते चेंडू मारत नसत. आधी चेंडू जिथे थांबायला हवा ती जागा, मग तिथवरचा त्याचा प्रवास, मग तो प्रवास घडवणारा स्विंग, असा त्यांचा क्रम होता. काहींना असं चित्र दिसत नाही, त्यांना लय ऐकू येते किंवा हातात जाणवते. तेही चालतं.

हे सगळं प्रत्येक चेंडूला करायचं? मग चेंडूंची बकेट संपणार कधी?

बकेट संपवणं हे ध्येयच सोडून द्या. पैसे भरले आहेत म्हणून शेवटचा चेंडू मारलाच पाहिजे, या हिशेबापायी आपल्याकडे फार सराव वाया जातो.

सरावाचे दोन भाग करा. पहिल्या भागात तंत्र. कोचने दिलेलं एखादं काम, ग्रिप असेल, खांद्याचं वळण असेल. इथे रुटीन नको, हळू स्विंग चालतील, अर्धे स्विंग चालतील, चेंडू कुठे गेला ते बघूही नका. दुसऱ्या भागात खेळ. इथे प्रत्येक चेंडूला पूर्ण रुटीन, दर वेळी नवं लक्ष्य, आणि तंत्राचा एकही विचार नाही. दोन भाग एकमेकांत मिसळले की गोंधळ सुरू होतो. निम्मं डोकं मनगटात, निम्मं झेंड्याकडे, आणि चेंडू शेजारच्या मॅटसमोर.

आणखी एक छोटी युक्ती, जी मी सर्वांना आग्रहाने सांगतो. बकेट हाताशी ठेवू नका. चार-पाच पावलं मागे ठेवा आणि एका वेळी एकच चेंडू घेऊन या. त्या पावलांमध्ये मागचा शॉट सुटतो आणि पुढचा ठरतो.

एकाच क्लबने सलग मारलं तरच हात बसतो ना?

हात बसल्यासारखा वाटतो, हे खरं. तो बसलेला हात पुढच्या आठवड्यात सापडतो का, हा खरा प्रश्न.

1979 मध्ये शे आणि मॉर्गन या संशोधकांनी एक प्रयोग केला. लाकडी अडथळे ठराविक क्रमाने हाताने पाडायचे, अशा हालचालींचे तीन प्रकार होते. एका गटाने आधी एक प्रकार पूर्ण घोटला, मग दुसरा, मग तिसरा. दुसऱ्या गटाला तिन्ही प्रकार उलटसुलट क्रमाने मिळाले. सराव चालू असताना घोटणारा गट पुढे होता. काही वेळाने आणि दहा दिवसांनी पुन्हा तपासलं, तेव्हा उलटसुलट सराव केलेल्यांच्या हाती जास्त टिकलं होतं. पुढे इतर खेळांच्या कौशल्यांवरही असे प्रयोग झाले, आणि क्रीडा प्रशिक्षणात हा विचार आता चांगलाच मुरला आहे.

कारण समजून घेण्यासारखं आहे. क्लब बदलला की मेंदूला ती हालचाल नव्याने जुळवावी लागते, आणि त्या जुळवण्यातच शिकणं होतं. त्याच त्या क्लबने मारताना मागच्या स्विंगची उसनवारी चालते. गाण्याचा रियाज करणारी माणसं हे जाणतात. एकच पलटा तासभर डोळे मिटून घोकण्यापेक्षा लय बदलून, पट्टी बदलून, मध्येच थांबून पुन्हा उचलून घेतला तर तो गळ्यात राहतो.

एक सावधगिरी मात्र हवी. अगदी नवख्या माणसाने, ज्याचा चेंडू अजून नीट उचललाच जात नाही, त्याने सुरुवातीला एकच क्लब घेऊन घोटायला हरकत नाही. चेंडू हवेत जायला लागला की बदल सुरू करा. आणि क्लब बदलत मारल्यावर रेंजवरचे आकडे घसरतील हे आधीच मान्य करून टाका. त्या घसरणीला घाबरून लोक दुसऱ्याच दिवशी जुन्या पद्धतीवर परत जातात.

स्विंग चालू असताना डोक्यात काय असावं?

शक्यतो शरीराबाहेरचं काहीतरी.

गॅब्रिएल वुल्फ आणि सहकाऱ्यांनी 1999 मध्ये नवख्या लोकांना पिच शॉट (जवळून उंच उडवायचे फटके) शिकवले. काहींना हातांच्या हालचालीकडे लक्ष द्यायला सांगितलं, काहींना क्लबच्या झोक्याकडे. क्लबकडे लक्ष देणाऱ्यांचे चेंडू लक्ष्याच्या जास्त जवळ पडले. फरक वरवर किती किरकोळ दिसतो! ‘डावा हात सरळ’ म्हणण्याऐवजी ‘क्लबचं डोकं लांबवर सोड’. पण पहिली सूचना शरीराला आखडते आणि दुसरी मोकळं ठेवते.

अनुभवी खेळाडूंबाबत मानसशास्त्रज्ञ सायन बाइलॉक यांचं पटिंगवरचं (ग्रीनवर चेंडू होलकडे घरंगळवण्यावरचं) काम वाचनात आलं तेव्हा मला फार पटलं. मुरलेल्या खेळाडूंना स्ट्रोकच्या प्रत्येक टप्प्याकडे बारकाईने लक्ष द्यायला लावलं की त्यांचं पटिंग बिघडलं. नवशिक्यांचं उलट. एकदा अंगवळणी पडलेली गोष्ट पुन्हा सुटी करून बघायला गेलं की ती विस्कटते. म्हणून हँडिकॅप खाली आलेल्यांना, म्हणजे खेळ सुधारलेल्यांना, माझं सांगणं असतं की खेळाच्या भागात एकच विचार ठेवा, तोही लयीचा किंवा लक्ष्याचा. यूट्यूबवरच्या तीन टिपा एकाच स्विंगमध्ये कोंबू नका.

पटिंगचा सराव फार कंटाळवाणा वाटतो. काय करू?

पार 72 च्या, म्हणजे 18 होलना ठरवून दिलेल्या 72 शॉटच्या, हिशेबात 36 पट (ग्रीनवरचे पटरचे फटके) धरलेले असतात. निम्मा खेळ तिथे आहे आणि आपण पटिंग ग्रीनवर जातो ते टी-टाइमला (खेळ सुरू व्हायच्या वेळेला) दहा मिनिटं उरली म्हणून. टोकियो ऑलिंपिकमध्ये 2021 साली भारताची गोल्फपटू अदिती अशोक चौथी आली. ती लांब मारणाऱ्यांपैकी नाही. त्या चार दिवसांत तिने पटरच्या जोरावर जगातल्या अव्वल खेळाडूंना झुंजवलं.

कंटाळ्याचं कारण वर सांगितलं तेच. तीन चेंडू घेऊन एकाच जागेवरून मारत राहिलं की दुसऱ्या पटला वाचायचं काही उरत नाही. पहिल्याने वळण दाखवून दिलेलं असतं. म्हणून एकच चेंडू घ्या. ग्रीनवरच्या झेंड्यांमधून नऊ होलचा खेळ खेळा, प्रत्येक होल पार 2. दर वेळी वाचन, रुटीन, पट, आणि राहिलेला छोटा पटही पूर्ण करायचा. बर्म्युडा गवताच्या ग्रीनवर गवताचा कल (पाती कुठे झुकली आहेत ते) बघायला विसरू नका, सकाळी कापलेल्या आणि संध्याकाळी वाढलेल्या गवतावरचा वेगही सारखा नसतो. हे बघायला लागलात की कंटाळा राहत नाही.

नजरेचं एक काम वेगळं करा. जोन विकर्स यांनी गोल्फपटूंच्या नजरेचा अभ्यास केला. चांगलं पटिंग करणाऱ्यांची नजर स्ट्रोकच्या आधी चेंडूवर एका जागी दोन-तीन सेकंद स्थिर राहते आणि चेंडू निघून गेल्यावरही क्षणभर तिथेच असते. नवख्यांची नजर चेंडू, होल, पटर अशी भिरभिरते. होलचा व्यास 108 मिलिमीटर, चेंडूचा 43 च्या आसपास, म्हणजे जागा भरपूर आहे. चेंडूच्या मागच्या बाजूवरचा एक खळगा निवडा, त्यावर नजर टेकवा, मारा, आणि चेंडू होलमध्ये पडल्याचा आवाज कानांनी ऐका. तीन-चार फुटांवरून, चेंडूपुढे दोन टी (चेंडू ठेवायच्या छोट्या खुंट्या) रोवून त्यांच्या फटीतून चेंडू काढायचा. टायगर वूड्सही पटरच्या दोन्ही बाजूंना टी रोवून असाच सराव करताना दिसतो.

ऑफिसमधून थेट रेंजवर येतो. डोक्यात मीटिंग चालूच असते.

गाडीतून उतरल्याबरोबर ड्रायव्हर काढू नका. आधी वेज घेऊन वीस-तीस यार्डांचे छोटे चिप मारा, किंवा पाच मिनिटं नुसतं चाला. श्वास जरा लांब सोडा. डोक्यात अडकलेलं काम कागदावर लिहून बॅगेत टाकलं की ते बरंचसं शांत बसतं. त्यानंतरही अर्धा तास चांगला मिळाला तर पुष्कळ झालं.

सरावात मोबाईल लांब ठेवा म्हणतात, पण त्यावर स्विंगचा व्हिडिओ काढायचा असतो, मग तो लांब कसा ठेवणार?

विमानातला मोड लावून काढा. आणि फक्त तंत्राच्या भागात काढा. प्रत्येक स्विंगनंतर स्क्रीनकडे धावणारा माणूस शॉटची जाणीव घालवून बसतो. चेंडू लागताना हातांना काय कळलं, हे तुम्ही आधी स्वतःला विचारा, मग व्हिडिओ बघा. दोन्ही जुळायला लागले की समजा लक्ष योग्य जागी आहे.

शेजारच्या मॅटवरचे काका सारख्या टिपा देतात. नाही कसं म्हणायचं?

प्रेमाने आणि लवकर. ‘काका, कोचने आज एकच गोष्ट करायला सांगितली आहे, ती संपवतो आणि मग तुमच्याशी बोलतो,’ एवढं पुरतं. सराव झाल्यावर खरंच जाऊन बोला. त्यांनी अनेक वर्षं हा खेळ खेळलेला असतो, कोर्स कुठे फसवतो हे त्यांना ठाऊक असतं, आणि ते ज्ञान स्विंगच्या टिपेपेक्षा मोलाचं आहे.

एक शँक (क्लबच्या टाचेला लागून भलतीकडे जाणारा शॉट) गेला की राग येतो, मग पुढचे सगळे बिघडतात.

रागाच्या भरात पुढचा चेंडू ओढून लगेच मारणं, एवढंच थांबवायचं आहे. राग येणारच, मन घालून खेळता म्हणून येतो.

शॉटनंतरचंही एक रुटीन ठेवा. मॅटवरून खाली उतरा. चेंडू कुठे गेला आणि कसा लागला, हे एका वाक्यात, दोषारोप न करता सांगा: ‘टाचेकडे लागला, उजवीकडे गेला.’ मग हवा होता तो स्विंग एकदा चेंडूशिवाय करा, म्हणजे अंगात शेवटची आठवण चांगल्या स्विंगची राहील. मग बकेटपर्यंत चालत जा. चांगल्या शॉटनंतर उलट करा, जागेवर उभं राहून तो थांबेपर्यंत बघा, मनात मुरू द्या. आपण वाईट शॉट पाच मिनिटं चघळतो आणि चांगला अर्ध्या सेकंदात विसरतो. ही सवय रेंजवरच मोडता येते.

ध्यान किंवा विपश्यनेचा गोल्फला उपयोग होतो का?

होतो असं मी मानतो. पुण्यात जन्मलेला गोल्फपटू अनिर्बान लाहिरी विपश्यना करतो हे त्याने मुलाखतींत मोकळेपणाने सांगितलं आहे. 2015 च्या पीजीए चॅम्पियनशिपमध्ये तो संयुक्त पाचवा आला. इगतपुरीच्या धम्मगिरीला दहा दिवसांचं शिबिर करून आलेल्यांना ठाऊक असेल, सुरुवातीचे दिवस फक्त नैसर्गिक श्वासाकडे बघण्याचे असतात. मन भटकतं, कळतं, परत आणायचं, चिडायचं नाही. रेंजवर नेमकं हेच लागतं.

शिबिराला जाणं सर्वांना जमणार नाही. रोज सकाळी दहा मिनिटं शांत बसून श्वास बघितला तरी फरक पडतो. मात्र त्यातून पुढच्या रविवारी स्कोअर खाली यावा, अशी अपेक्षा ठेवून बसू नका.

रेंजवर मस्त, स्पर्धेत ढेपाळतो. हे मनाचंच ना?

मनाचं आहे, पण उपाय पुन्हा मांडणीतच. स्पर्धेत प्रत्येक शॉटची किंमत असते आणि रेंजवर नसते, मग मनाला त्या किमतीची सवय लागणार कुठे?

सरावाची शेवटची वीस मिनिटं किंमत लावून खेळा. ग्रीनच्या भोवती नऊ जागा निवडा, सोप्या, मध्यम, अवघड. प्रत्येक जागेवरून एक चिप आणि पट, पार 2, एकूण पार 18. मित्राबरोबर खेळा, हरणाऱ्याने चहा पाजायचा. दुसरा खेळ मला विशेष आवडतो. रेंजवर उभं राहून आपला नेहमीचा कोर्स खेळायचा. चेंबूरला खेळत असाल तर तिथला, येरवड्याला खेळत असाल तर तिथला. पहिल्या होलचा फेअरवे दोन खांबांमध्ये आखा, ड्रायव्हर मारा, तो जिथे गेला असता तिथून उरलेलं अंतर मनात धरा आणि त्या अंतराचा क्लब काढा. आउट ऑफ बाउंड्स गेला तर पेनल्टी घ्या. चेंडू थोडे लागतात, आणि पहिल्या टीवर जी धडधड होते तिची चुणूक इथेच मिळते.

उन्हाळ्यात आणि पावसात काय?

एप्रिल-मेमध्ये सकाळी लवकर या आणि पाणी तहान लागायच्या आधी प्या. उन्हात लक्ष उडतं त्यात मनाचा काही दोष नसतो. पावसाळ्यात कोर्स ओला असेल तेव्हा घरात सतरंजीवर पटिंग करा, आरशासमोर रुटीन घोटा. विजा कडाडत असतील तर क्लब लगेच खाली ठेवून आडोशाला जा.

माझी मुलगी नऊ वर्षांची आहे, दहा मिनिटांत कंटाळते.

मग दहा मिनिटांनी खेळ बदला. टोपलीत चिप टाकणे, पाटीला मारणे, बाबांशी पटिंगची शर्यत. तिला ‘लक्ष दे’ असं ओरडून सांगू नका, त्या सूचनेचं नेमकं काय करायचं हे मुलांना कळत नाही. ‘तो लाल झेंडा दिसतो? चेंडू त्याच्या डावीकडे टाकून दाखव’ म्हणा. लगेच लक्ष देते. ती थांबू म्हणाली की थांबा.

प्रगती होतेय हे कसं कळणार?

एक छोटी वही बॅगेत ठेवा. कुठला चेंडू किती लांब गेला हे लिहायची गरज नाही. खेळाच्या भागात किती चेंडू मारले आणि त्यांतल्या किती चेंडूंआधी निर्णय पूर्ण झाला होता, एवढंच लिहा. सुरुवातीला हा आकडा फार कमी निघेल. पार 18 चा स्कोअर आणि नऊ होलच्या पटिंगचा स्कोअरही लिहा, कारण हे खेळ पुन्हा पुन्हा तसेच खेळता येतात आणि महिन्यांची तुलना करता येते. कोचकडे जाताना वही न्या. कुठल्या क्लबला निर्णय अर्धवट राहतात हे त्यांना तुमच्या स्विंगपेक्षा आधी वहीत दिसेल, आणि पुढच्या पाठात काय घ्यायचं ते ठरवणं सोपं जाईल.